गस्त गावाची, हुकूम कोणाचा?

दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, परभणीच्या राजगोपालाचारी उद्यानात ध्वज चढतो, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते आणि वक्ते रझाकारांच्या अत्याचारांची आठवण करून देतात. ती आठवण राहिली पाहिजे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु त्या भाषणांतून एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, तो आम्ही येथे विचारू इच्छितो. हे रझाकार आले कोठून? ते परमुलखातून चालून आलेले आक्रमक नव्हते. त्यांतील पुष्कळ याच मातीतले, कोणी शेजारच्या गल्लीतले, कोणी बाजाराच्या दिवशी रामराम-सलाम करणारे होते. त्यांनी स्वतःस लुटारू म्हणवून घेतले नव्हते. रझाकार या शब्दाचा अर्थच मुळी स्वयंसेवक असा आहे. आपल्या समाजाचे रक्षण करण्यासाठी आपण उभे राहिलो आहोत, अशीच त्यांची समजूत होती व तशीच त्यांची घोषणा होती.

आज देशाच्या सीमेवरची अस्वस्थता आणि गावच्या शिवारातील चोरीची धास्ती एकाच वेळी मनात घर करून बसली आहे, आणि जो तो आपापल्या जातीचे, धर्माचे, भागाचे संरक्षक पथक उभे करण्याच्या गोष्टी बोलू लागला आहे. अशा वेळी तो जुना प्रश्न केवळ इतिहासाचा राहत नाही.

१९४७ साली हैदराबाद संस्थानात काय घडले ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. संस्थानाची लोकसंख्या दीड कोटीहून अधिक. त्यांत मुसलमान सुमारे तेरा टक्के. ब्रिटिश जाणार हे निश्चित झाले त्या जूनमध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. भोवती सर्व बाजूंनी भारत, समुद्रकिनारा नाही, बावीस हजारांच्या आसपास फौज, आणि बहुसंख्य प्रजा विलीनीकरणाच्या बाजूची. राज्याला स्वतःचाच भरवसा नव्हता. ज्या राज्याला स्वतःचा भरवसा नसतो ते खाजगी लाठीकडे आशेने पाहू लागते. मजलिस-ए-इत्तेहादुल-मुसलमीन ही संस्था १९२७ पासून होती. बहादूर यार जंग यांच्या काळात तिच्या स्वयंसेवकांची घडण झाली. १९४४ साली त्यांचा मृत्यू झाला आणि १९४६ मध्ये लातूरचे वकील कासीम रझवी अध्यक्ष झाले. तेथून पुढे गणवेश, शपथ, कवायत आणि हत्यारे हा क्रम वेगाने उरकला गेला. त्यांची संख्या एक लाखापासून दोन लाखांपर्यंत सांगितली जाते; ती खरी धरली तर सरकारच्या फौजेच्या कितीतरी पट सैन्य एका वकिलाच्या हुकमात होते.

या हुकमाचा पहिला अनुभव परभणीच्या वा नांदेडच्या शेतकऱ्याला आला नाही. तो खुद्द निजामाला आला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. भारत सरकारशी जैसे थे करार करण्याचे ठरले होते. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहाटे करार घेऊन दिल्लीस निघणाऱ्या शिष्टमंडळाच्या सदस्यांची घरे हजारोंच्या जमावाने वेढली. छत्तारीचे नबाब हे संस्थानचे पंतप्रधान आणि सर वॉल्टर मॉंक्टन हे निजामाचे घटनातज्ज्ञ सल्लागार. परंतु त्यांना आपल्या घराबाहेर पडता येईना. दिल्लीचा प्रवास रद्द झाला, शिष्टमंडळाने राजीनामे दिले, छत्तारी गेले आणि पुढे लायक अली आले. करारावर २९ नोव्हेंबरला सह्या झाल्या त्या बव्हंशी त्याच अटींवर. बदलला होता तो राज्याचा मालक. जे दल राज्याच्या रक्षणासाठी म्हणून पोसले गेले त्याने राज्यालाच नजरकैदेत टाकले, आणि हे एका पहाटे झाले!

त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत जे झाले ते वाचकांच्या घरांत आजी-आजोबांनी सांगितलेले आहे. त्याची यादी करण्याचे प्रयोजन नाही. एकच गोष्ट सांगतो. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना रात्री कचेरीतून घरी परतताना गाठून, हात तोडून, ठार मारण्यात आले. त्यांचा अपराध एवढाच की, संस्थानाने भारतात सामील व्हावे असे त्यांनी लिहिले. मुसलमानांच्या रक्षणाचा डंका वाजविणाऱ्यांनी एका मुसलमान संपादकाचा हात तोडला. समाजाच्या नावाने उभी राहिलेली पथके आपल्याच समाजातील वेगळ्या मताच्या माणसास सर्वांत आधी शत्रू ठरवितात. त्याला वाचविण्यास मग कोणतेच पथक येत नाही.

दुसऱ्या बाजूचेही बोलले पाहिजे, नाहीतर आमचे म्हणणे एकांगी होईल. ज्या परभणी जिल्ह्यात तेव्हा हिंगोली, वसमत, कळमनुरी, परतूर हे तालुकेही मोडत होते, त्याच्या उत्तरेस पैनगंगा ही संस्थानाची सरहद्द होती. नदीपलीकडे वऱ्हाड, म्हणजे भारत. तेथे उमरखेडसारख्या ठिकाणी स्टेट काँग्रेसची सरहद्दीवरील शिबिरे उभी राहिली. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात असतानाही त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चालविली. त्या शिबिरांतही बंदुका होत्या. नाक्यांवर हल्ले झाले. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटली गेली. वसमतच्या महाविद्यालयास ज्यांचे नाव आहे ते बहिर्जी याच लढ्यातले. या लढ्याची रझाकारांच्या कारवायांशी बरोबरी करण्याचा अविचार आम्ही करणार नाही. एक जनतेचा हक्क मागत होते आणि दुसरे तो नाकारीत होते. तथापि फरक केवळ हेतूचा होता असे मात्र नव्हे. शिबिरांच्या डोक्यावर एक राजकीय संघटना होती, तिचा एक कृतिसमितीचा अंकुश होता, उमरीच्या पैशाचा हिशेब ठेवला गेला हे आजही अभिमानाने सांगितले जाते, आणि मुख्य म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये काम संपल्यावर शिबिरे मोडली गेली. हत्यार हाती घेतलेल्या संघटनेची खरी परीक्षा ते खाली ठेवण्याच्या दिवशी होते. या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या संघटना जगात थोड्या आहेत.

आणि तरीही! १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत गावोगावी सूड उगविला गेला. पंडित नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात दौरा केला. तिच्या सावध अंदाजाने २७ ते ४० हजार माणसे मारली गेली होती. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि आपल्या शेजारच्या नांदेड या जिल्ह्यांस बसली. काही ठिकाणी गणवेषातील माणसांनीही यात भाग घेतल्याचे समितीने नमूद केले आहे. हा अहवाल दीर्घकाळ दडवून ठेवण्यात आला आणि २०१३ मध्ये कोठे अभ्यासकांस पाहावयास मिळाला. मेलेल्यांतील बहुसंख्य रझाकार नव्हते. रझाकारांनी ज्यांच्या नावाने शपथा घेतल्या होत्या त्या साध्या शेतमजुरांनी, विणकरांनी, पिंजाऱ्यांनी ते देणे फेडले. कासीम रझवी मात्र नऊ वर्षे तुरुंगात काढून १९५७ साली पाकिस्तानात निघून गेले व १९७० साली तेथेच वारले. त्याच अहवालात हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबे वाचविल्याच्या, हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या पाठीशी उभे राहिल्याच्याही हकीगती आहेत. त्या माणसांना कोणी गणवेष दिला नव्हता. आमच्या मते १७ सप्टेंबरच्या भाषणांत त्यांचेही स्मरण झाले पाहिजे.

येथे थोडे विषयांतर करतो. भाड्याच्या संरक्षणाचा आपल्या भागाला असलेला अनुभव १९४७ पेक्षाही जुना आहे. हिंगोलीच्या छावणीत एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटचे सैनिक राहत. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, खर्च निजामाचा. त्या फौजेच्या पगाराचे देणे वाढता वाढता १८५३ साली डलहौसीने वऱ्हाड लावून घेतले आणि १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडेच राहिले. रक्षणासाठी ठेवलेल्या फौजेपायी धन्याची सर्वांत सुपीक जमीन गेली. पैनगंगा सरहद्द झाली ती अशी.

गावाच्या जुन्या पहाऱ्याची गोष्टही फारशी गोड नाही. वेशीवर येसकर, शिवारात जागल्या. गाव निर्धास्त झोपे. परंतु वेशीचे रक्षण करणाऱ्या महाराचे घर वेशीच्या बाहेर होते. चोरी झाली की जाब त्याला, धाड आली की पहिला वार त्याच्यावर, आणि गावाच्या विहिरीवर मात्र त्याला पाणी नाही. ग्रामसंरक्षणाची आपली परंपरा थोर होती म्हणून सांगणाऱ्यांनी हे एक कलम विसरू नये. शिवाय या परंपरेला संशयितही ठरलेले लागतात. पाल ठोकून राहणारा पारधी, भिक्षेकरी गोसावी, जडीबुटी विकणारा वैदू हे रात्री दिसले की चोरच, असा समज होता. १८७१ साली इंग्रजांनी त्याला कायद्याचे रूप देऊन जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा स्वतंत्र भारताने १९५२ साली रद्द केला. समज काही रद्द झाला नाही.

त्याचा पुरावा १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याने दिला. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी बाजाराच्या दिवशी तेथे गेले होते. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा भ्रमणध्वनीवरून फिरत होती. जमावाने त्या पाचही जणांना ठार केले, आणि तेही ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे टाळेबंदीच्या काळात, अशाच अफवांनी धास्तावलेल्या गावकऱ्यांनी दोन साधू व त्यांचा चालक यांचा बळी घेतला. या दोन्ही ठिकाणचे लोक स्वभावाने खुनी होते असे कोणी म्हणणार नाही. ते आपल्या मुलाबाळांचे रक्षण करीत आहेत अशी त्यांची खात्री होती, आणि अनर्थाचे मूळ त्या खात्रीतच होते.

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यापासून मराठवाड्यातील काही जिल्ह्यांपर्यंत रात्री आकाशात ड्रोन घिरट्या घालतात, मागोमाग चोर येतात, अशी हूल उठली. गावेच्या गावे काठ्या व विजेऱ्या घेऊन जागली. सुदैवाने तो हंगाम राईनपाड्याविना गेला. सुदैव हे मात्र बंदोबस्ताचे साधन नव्हे.

गावकऱ्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला ते मान्य नाही. खळ्यात सोयाबीनची रास पडली आहे, विहिरीवरची मोटार आणि तिची तार कोणत्याही रात्री नाहीशी होऊ शकते, ठाणे पंधरा-वीस किलोमीटरवर, आणि तक्रार नेली तर ती लिहून घेण्यातच दिवस जातो. अशा शेतकऱ्याने रात्री जागू नये तर काय करावे? शहरातही पोलिसांवरील विश्वासाला तडे गेले आहेत. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली, आणि अटकेतील कायद्याचा अभ्यास करणारा एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठास जुलै २०२५ मध्ये या प्रकरणी गुन्हा नोंदविण्याचा आदेश द्यावा लागला. ज्या वस्तीने हे पाहिले तिला 'पोलीस आहेत ना!' असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? कायद्याने चालणारे राज्य जेथे मागे सरते तेथे पथके उगवतात. पथकांना नावे ठेवणाऱ्या राज्यकर्त्यांनी हे आधी स्वतःशी कबूल करावे.

परंतु राज्य मागे सरले म्हणून पथक पुढे आले की काय होते, याचे ताजे व भयंकर उदाहरण मणिपूर आहे. ३ मे २०२३ पासून तेथे खोऱ्यातील मैतेई आणि डोंगरांतील कुकी यांच्यात जो वणवा पेटला त्यात दोन्हीकडे 'ग्रामस्वयंसेवक' उभे राहिले. पोलिसांच्या शस्त्रागारांतून हजारो हत्यारे लुटली गेली. एका राज्याच्या पोटात नाकी, बंकर आणि सीमा तयार झाल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती राजवट आली आणि राज्यपालांना हत्यारे परत करा म्हणून आवाहन करावे लागले. प्रत्येक बाजू म्हणत होती, आम्ही फक्त आमच्या गावाचे रक्षण करतो. हैदराबादचा ध्वनी आम्हांला त्यात ऐकू येतो.

सरकारने स्वतः अशी पथके उभारली तर? तोही प्रयोग झाला आहे, आणि तो आपल्या गडचिरोलीच्या पलीकडेच, बस्तरमध्ये. २००५ पासून सलवा जुडूमच्या नावाने आदिवासींविरुद्ध आदिवासी उभे केले गेले. पाचवी शिकलेल्या पोरांच्या हाती बंदुका देऊन त्यांना विशेष पोलीस अधिकारी म्हटले गेले. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरविले. राज्याने आपले कर्तव्य, तेही नक्षलवाद्यांशी लढण्यासारखे जोखमीचे, अल्प मानधनावर गरिबांच्या पोरांच्या गळ्यात बांधू नये, हा त्या निकालाचा इत्यर्थ. येसकराची जुनी गोष्ट येथे पुन्हा आठवते.

याउलट एक प्रयोग आपल्याच राज्यातला आहे. ६ डिसेंबर १९४६ रोजी, जातीय दंगलींच्या ऐन भरात, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबईत होमगार्ड दलाची स्थापना झाली. तेही स्वयंसेवकच, त्याच वर्षीचे, ज्या वर्षी रझवी मजलिसचे अध्यक्ष झाले. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर हे दल देशभर एका साच्यात आणले गेले. मिरवणुकीत, पुरात, निवडणुकीत आपण त्या खाकीतल्या माणसाला पाहतो आणि विसरतो. त्यांच्या मानधनाची दैना हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. परंतु मुंबईचा स्वयंसेवक कायद्याच्या वहीत होता आणि लातूरच्या वकिलाचा स्वयंसेवक त्या वकिलाच्या वहीत होता. पुढचा सारा इतिहास या एका भेदातून निघाला.

गावात गस्त असावी की नसावी हा वादच आम्ही व्यर्थ समजतो. ती असणारच. ती कोणत्या वहीत असेल, एवढेच ठरवायचे आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये ग्रामसंरक्षक दलाची तरतूद आहे आणि त्यावर जिल्हा पोलीस अधीक्षकांचा अधिकार आहे. १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हा दुवा दिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने खाजगी व्यक्तीस डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्यास पकडता येते, पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या स्वाधीन केलेच पाहिजे असे सांगितले आहे. सहा तास, आणि त्या सहा तासांत हात उचलण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही. पाच वा अधिक जणांनी जात, वैयक्तिक श्रद्धा, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून मिळून खून केल्यास भारतीय न्याय संहितेत फाशी वा जन्मठेप आहे. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा जबाबदार अधिकारी नेमण्यास सांगितले. इतके सर्व असताना किती गावांतील गस्तकऱ्यांना यांतील एक ओळ कोणी वाचून दाखविली असेल?

गोरक्षणाच्या, मंदिररक्षणाच्या, मोहल्लारक्षणाच्या नावाने रस्त्यावर वाहने अडविणारी, नावे विचारणारी, झडत्या घेणारी पथके या कायद्यात कोठेच बसत नाहीत. ती कोणत्याही झेंड्याची असोत, त्यांच्याशी बोलणी करून, त्यांना 'पोलिसांचे मित्र' म्हणून मिरवू देऊन, ठाणेदार स्वतःचाच अधिकार गहाण टाकतो. छत्तारीच्या नबाबांनीही एका पहाटेपर्यंत त्यांना मित्रच मानले होते.

सुगी तोंडावर येते तशी गावोगावी गस्तीची बोलणी सुरू होतात. परभणी जिल्ह्यातील सरपंचांस, पोलीस पाटलांस व जिल्हा पोलीस अधीक्षकांस आमची विनंती आहे की, गस्तीच्या माणसांची यादी ग्रामसभेत उघडपणे व्हावी आणि ठाण्यात नोंदविली जावी. तीत वाड्यावरचा एक, दलित वस्तीतला एक, मोहल्ल्यातला एक, तांड्यावरचा एक अशी नावे असावीत, म्हणजे रात्री कोणी अनोळखी माणूस दिसला तर त्याला ओळखणारा कोणीतरी त्यात निघेल. गावाबाहेर पाल पडले असेल तर पोलीस पाटलाने दिवसाउजेडी तेथे जाऊन कुटुंबांची नावे लिहून घ्यावीत व गस्तकऱ्यांची आणि त्यांची समोरासमोर गाठ घालून द्यावी. हातात विजेरी व शिटी असावी. ठाण्याचा जो दूरध्वनी क्रमांक यादीच्या माथ्यावर लिहिला जाईल तो रात्री दोन वाजता उचलला जातो की नाही, हे अधीक्षकांनी स्वतः एकदा लावून पाहावे.